तिसरी प्लेट

स्वस्त आयात मिलिंग मशीनविषयी जाणकारांत एक वाक्य प्रचलित आहे. हे मशीन समजू नका, म्हणतात. हे मशीनचे सुटे भाग आहेत, वाहतुकीच्या सोयीसाठी जोडून पाठवलेले. वाक्य गमतीने बोलले जाते, पण त्यात एक करार दडलेला आहे. कारखान्याने काम अर्ध्यावर सोडले आहे आणि उरलेले अर्धे घेणाऱ्याने करायचे आहे, असा हा करार. किंमत कमी असते ती त्यामुळेच. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. अर्धे सोडलेले काम पुरे करण्याची जबाबदारी कोणाची? आणि ते पुरे झाले, हे कोण ठरवणार? पहिला प्रश्न हिशेबाचा वाटतो, दुसरा मोजमापाचा. अशा एका मशीनबरोबर दीड वर्ष घालवल्यावर मला ते दोन्ही नीतीचे प्रश्न वाटू लागले आहेत.

मी बंगळूरमध्ये राहतो. पोटापाण्याचे काम भाषांतराचे, तेही बहुतेक तांत्रिक पुस्तिकांचे : पंप, कॉम्प्रेसर, लिफ्ट, इस्पितळातली उपकरणे. तीस वर्षे यंत्रांविषयी लिहिले आणि यंत्राला हात लावण्याची वेळ क्वचितच आली. निवृत्तीच्या सुमाराला, एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीत, चीनमध्ये बनलेले एक छोटे मिलिंग मशीन घेतले. वजन साधारण एका प्रौढ माणसाइतके, टेबल हातभर लांब. सोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, म्हणजे शब्द इंग्रजी होते. वाक्यांचे सांधे सैल, काही ठिकाणी क्रियापद बेपत्ता. माझ्यातल्या भाषांतरकाराला हसू आले नाही, कारण त्या पानांमागचा माणूस मला ओळखीचा वाटला. शब्दाला इतके पैसे आणि उद्या सकाळपर्यंत हवे, अशा अटीवर काम करणारा. पुढे मशीन उघडले तेव्हा कळले की पुस्तिका आणि मशीन एकाच रीतीने बनले होते. सगळे काही जागच्या जागी होते आणि कशावरही शेवटचा हात फिरलेला नव्हता.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहते, मिलिंगमध्ये उलटे. हत्यार फिरते आणि टेबलावर घट्ट बांधलेला जॉब हळूहळू त्याच्याखालून सरकवला जातो. म्हणजे मिलिंग मशीनचे सगळे शहाणपण त्याच्या सरकण्यात आहे. टेबल डावी-उजवीकडे सरळ गेले पाहिजे, पुढे-मागे जाताना पहिल्या दिशेशी काटकोन राखला पाहिजे आणि फिरणारा स्पिंडल टेबलाला ओळंब्यात उभा हवा. एवढ्या तीन गोष्टी साधल्या की उरलेले लोखंड, मोटर आणि रंग. गवंड्याकडे ओळंबा आणि सुताराकडे गुण्या असतो तो याचसाठी. फरक इतकाच की गवंड्याचे काम सुतावर भागते आणि इथे मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसू लागतो.

पहिले काम धुण्याचे. समुद्रप्रवासात गंज लागू नये म्हणून सगळीकडे चिकट ग्रीस फासलेले असते. ते रॉकेलने उतरवले की खालून ओतकामाच्या साच्यातली वाळू निघते, कोपऱ्यात अडकलेली. स्लाइडच्या कडांना बर असते, हाताला लागेल अशी. ती ऑइल स्टोनने घासून काढायची. मग येते जिब. सरकणाऱ्या दोन भागांच्या फटीत बसवलेली ही धातूची पातळ पट्टी, बाजूच्या स्क्रूंनी कमी-जास्त आवळता येणारी. सैल सोडली तर टेबल डोलते आणि हत्यार थरथरते. फार आवळली तर टेबल सरकतच नाही. माझ्या मशीनमधली जिब स्क्रू लागतात तिथे तिथे वाकलेली होती, त्यामुळे ती एकाच वेळी सैलही होती आणि घट्टही. पट्टी सपाट केल्याशिवाय कितीही स्क्रू फिरवले तरी मधली जागा सापडत नाही. ताकीद देऊन आणि मोकळीक देऊन माणसे सुधारत नाहीत तेव्हा बहुधा असेच काही झालेले असते. स्क्रू दोष दाबू शकतो, काढू शकत नाही.

मग ओळंबा. स्पिंडलला आडवा दांडा लावायचा, त्याच्या टोकाला डायल गेज, आणि स्पिंडल हाताने फिरवत डायलचे टोक टेबलावरून वर्तुळात न्यायचे. खांब कुठे कललेला असेल तर काटा सांगतो. डावी-उजवीकडचा कल खांबाचा मोठा नट सैल करून, लाकडी हातोडीने हलके ठोकून काढता आला. पुढे-मागेचा कल मात्र कोणत्याही स्क्रूने जात नाही. त्यासाठी खांबाच्या बुडाखाली पातळ पत्रा सारावा लागतो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण मिलिमीटरचा दहावा भाग जाड असतो. त्याची बोटभर पट्टी कापून खाली सारली आणि काटा जवळजवळ शांत झाला. त्याआधी रुंद कटर फिरवला की पृष्ठभागावर शेतातल्या सऱ्यांसारख्या पायऱ्या उमटत. नंतर बोटाला काही लागेना. दिवसभराच्या मेहनतीचे फळ म्हणजे न जाणवणारी गोष्ट, हा अनुभव भाषांतरकाराला नवा नाही.

काही दोष मात्र जात नाहीत, आणि इथून विचाराला खरे काम मिळते. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूत आणि त्याच्या नटात थोडी फट असते. कारखान्यातले लोक तिला प्ले म्हणतात. चाक उलटे फिरवायला लागले की सुरुवातीचा काही भाग वाया जातो. हात फिरतो, टेबल हलत नाही. ही ढिलाई कमी करता येते, संपवता येत नाही. जुने कारागीर तिच्याशी भांडत बसत नाहीत. ते नेहमी एकाच बाजूने मापावर येतात. पुढे गेले तर पुरेसे मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतात. फट तिथेच राहते, पण नेहमी एका अंगाला पडते आणि मापात शिरत नाही. आपल्या दोषाची दिशा ठाऊक असणे हे जवळजवळ निर्दोष असण्याच्या कामाला येते. मला तर हे साधेसे तंत्र आत्मपरीक्षणाच्या पुष्कळ उपदेशांपेक्षा उपयोगी वाटते. त्यात शुद्ध होण्याची मागणी नाही, फक्त नेहमी एका बाजूने येण्याची शिस्त आहे.

काही दोष दोष नसतातच. या जातीच्या मशीनांत मोटरची ताकद स्पिंडलपर्यंत नेणारी चाके पुष्कळदा प्लास्टिकची असतात आणि हत्यार अडकले की त्यांचे दात तुटतात. ‘प्लास्टिक!’ म्हणून नाक मुरडणारे पहिल्याच आठवड्यात पोलादी चाके शोधू लागतात. पण दात तुटतात तेव्हा मोटर वाचते, स्पिंडलचे बेअरिंग वाचते, कधी कारागिराची बोटेही वाचतात. चाक पोलादी केले की तुटणे थांबत नाही. ते पुढच्या दुबळ्या जागी सरकते, आणि ती जागा बहुधा जास्त महाग असते. काहीजण चाके काढून पट्टा लावतात, कारण पट्टा अडचणीच्या वेळी घसरतो. सुधारणा करण्याआधी या दुबळेपणावर काय काय टेकलेले आहे ते पाहावे, हा धडा सुधारणेच्या नावावर ज्यांनी काही मोडून ठेवले आहे त्यांना यंत्राकडून शिकण्याची गरज नाही. बाकीच्यांनी शिकावा.

आणि काही दोष म्हणजे स्वभाव. खांब बारीक, बीड पातळ. हत्याराने जरा खोल घास घेतला की सगळा सांगाडा किंचित वाकतो. त्यावर उपाय करणारे आहेत. पोकळ खांबात इपॉक्सी आणि ग्रॅनाइटचे खडे भरतात, पाठीला जाड पोलादी पट्टी लावतात. थोडा गुण येतो. पण हलक्या मशीनचे वजनदार मशीन होत नाही. स्वभावाला औषध नाही, ही म्हण इथे निराशेची राहत नाही, कामाची सूचना होते. घास लहान घ्या. एका खेपेत जे होईल ते चार खेपांत करा. सरळपणा कष्टाने मिळवता येतो, ताठपणा मात्र मुळात असावा लागतो. आणि पुरेसा वेळ द्यायची तयारी असेल तर कमी ताठ मशीनसुद्धा सरळ काम करते.

आता हिशेबाचा प्रश्न. हे सगळे करताना मनात वारंवार येई की हे तास मुळात कोणाचे होते? जिबवरून दगड फिरवायला, खांबाखाली पत्रा सारायला कारखान्यात फार वेळ लागला नसता. तिथल्या जोडणी करणाऱ्या कामगाराला पट्टी वाकडी आहे हे कळले नसेल असे मला वाटत नाही. ज्याच्या हातून रोज अशी मशीने जातात त्याला कळते. त्याला कळण्याइतका वेळ होता, करण्याइतका नव्हता. स्वस्ताई म्हणजे त्याच्याकडून काढून घेतलेली ती मिनिटे. ती नाहीशी झाली नाहीत. समुद्र ओलांडून माझ्या गॅरेजमध्ये आली आणि तास बनली. त्याला जे करू दिले गेले नाही ते मी हौसेने करतो आणि त्याचे मला कौतुकही मिळते. त्याने तेच केले असते तर त्याला ‘हात मंद आहे’ असे ऐकावे लागले असते. या उलटापालटीची जाणीव ठेवणे, एवढे तरी मला देणे लागते.

म्हणून ‘चायना माल’ हा शब्द मी आता जपून वापरतो. आपल्या बाजारात तो शिवीसारखा फिरतो, जणू लबाडी हा कुठल्या देशाच्या लोखंडाचा गुण आहे. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक केले. रोख मुख्यतः जर्मन मालावर होता. स्वस्त, नकली माल ओळखू यावा आणि गिऱ्हाइकाने सावध व्हावे, हा हेतू. काही दशकांत ‘मेड इन जर्मनी’ हीच भरवशाची खूण झाली. जपानी मालाच्या वाट्यालाही विसाव्या शतकात असाच प्रवास आला. हाताला मिनिटे दिली की हात बदलतो. देशाच्या नावात फार काही नसते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तो थोडक्यात मांडला. ‘सर, तुम्हाला मशीन दुरुस्त करायचंय. मला काम करायचंय.’ हप्ते भरणाऱ्या माणसाला दीड वर्ष जिब घासण्याची चैन परवडत नाही. तो त्याच पैशात जुने, जड, देशी मशीन घेतो. त्यातले तास दुसऱ्या कोणी चाळीस वर्षांपूर्वीच भरून ठेवलेले असतात. सुधारत बसण्याचा आनंद हा रिकाम्या वेळेचा आनंद आहे हे मला मान्य आहे. पण त्या गृहस्थांच्या वाक्यातच उत्तराचा धागा आहे. त्यांच्या जुन्या मशीनमधला सरळपणाही कोणीतरी हाताने घातला होता. तो विकत मिळतो म्हणून तो विकतचाच आहे असे नाही. कुठे ना कुठे, कोणी ना कोणी, तो पहिल्यांदा निर्माण केलेला असतो. कसा?

हा प्रश्न मला मशीनपेक्षा मोठा वाटू लागला. जिब सपाट करायला मी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट वापरली. दक्षिणेतल्या खाणींचा काळा दगड या कामाला चांगला चालतो. पट्टी तिच्यावर ठेवायची, कुठे टेकते ते पाहायचे, तिथे घासायचे. मग ग्रॅनाइट सपाट आहे हे कोणी सांगितले? त्याहून चांगल्या प्लेटने. ती सपाट आहे हे? आणखी चांगल्या प्लेटने. आपल्या नैयायिकांनी या घसरगुंडीला अनवस्था म्हटले आहे : प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागते आणि पाय कुठेच टेकत नाही. ‘सुतासारखा सरळ’ असे आपण म्हणतो, पण ताणलेले सूतही स्वतःच्या वजनाने झोळ धरते. दगडाचा, लोखंडाचा पहिला सपाट तुकडा कोणत्या सपाट तुकड्यावर घासला?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात माप घेण्याचे एक उपकरण होते, इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारे. त्याचे टोपणनाव ‘लॉर्ड चॅन्सलर’, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. वाद झाला की त्याच्याकडे जायचे आणि तो सांगेल ते अखेरचे. सत्याविषयीची ही एक कल्पना झाली : वर कोणीतरी बसलेला आहे आणि त्याला विचारायचे. त्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या विद्वत्सभेत धातूचे सपाट पृष्ठभाग तयार करण्यावर निबंध वाचला. त्यात दुसरी कल्पना आहे. तिचा उगम मॉडस्लेकडेच होता की कसे, यावर मतभेद आहेत. कल्पनेला त्याने बाधा येत नाही.

तीन प्लेटा घ्या. तिन्ही ओबडधोबड, एकही सपाट नाही. पहिलीवर निळ्या रंगाचा पातळ थर द्या आणि दुसरी तिच्यावर घासा. उंचवट्यांना निळे लागेल. तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडा, पुन्हा निळे लावा, पुन्हा घासा. शेवटी पहिली आणि दुसरी सगळीकडे एकमेकींना टेकतील. पण एवढ्यावर त्या सपाट आहेत असे म्हणता येत नाही, कारण एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली तरीही त्या अगदी चपखल बसतील. दोन प्लेटांचे एकमत म्हणजे दोन चुकांचे लग्नही असू शकते. आता तिसरी आणा. ती पहिलीशी जुळवा. पहिली फुगीर असेल तर तिसरीही दुसरीसारखी खोलगट होईल. मग दुसरी आणि तिसरी समोरासमोर ठेवा. दोन खोलगट थाळ्या. कडा टेकतील, मध्ये पोकळी राहील. जे पहिल्या दोघींच्या एकमतात लपले होते ते इथे उघडे पडते. पुन्हा खरवडायचे, पुन्हा जोड्या बदलायच्या. तिघींपैकी कोणतीही एक कोणत्याही दुसरीशी जुळते अशी अवस्था येते तेव्हा तिघीही सपाट झालेल्या असतात. त्यांना दुसरे काही होणे शक्यच नसते. जगात आधी कुठेही सपाट काही नसताना सपाटपणा जन्माला येतो, आणि तो देणारा कोणी वर बसलेला नसतो.

न्यायशास्त्रात तर्काचे जे दोष सांगितले आहेत त्यांत आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था येतात. स्वतःचा आधार स्वतः, दोघांचा आधार एकमेकांना, तिघांचे चक्र, आणि न संपणारी साखळी. त्या हिशेबाने तीन प्लेटांची रीत म्हणजे शुद्ध चक्रक : पहिलीला दुसरीचा आधार, दुसरीला तिसरीचा, तिसरीला पहिलीचा. शास्त्रात जो दोष, तो कारखान्यात सत्याचा उगम कसा? मी यावर बरेच दिवस घालवले. मला सुचलेले उत्तर असे. केवळ शब्दांच्या चक्रात कोणीच कोणाला नाही म्हणत नाही; प्रत्येक विधान पुढच्याला टेकते आणि सगळी मिळून हवेत राहतात. प्लेटांच्या चक्रात प्रत्येक भेटीत नकाराची शक्यता आहे. बीड आपल्या इच्छेने टेकत नाही. निळा डाग जिथे पडायचा तिथेच पडतो. ज्या चक्रात प्रत्येक सांध्याला ‘नाही’ म्हणता येते ते चक्र फिरता फिरता सुधारते. ज्यात म्हणता येत नाही ते नुसते फिरते. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते असे मीमांसक म्हणत आणि ते बाहेरून, सफल प्रवृत्तीतून कळते असे नैयायिक म्हणत. तीन प्लेटा मला नैयायिकांच्या बाजूच्या वाटतात. त्यांचा दाखला त्यांच्या जुळण्यात असतो, आणि जुळणे ही करून पाहण्याची गोष्ट आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त कारागीर आहेत. मशीन टूलच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर हाताने स्क्रेपिंग केले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे, पण स्क्रेपर धरला की तो कंबरेत उतरतो आणि हात शांत होतो. मराठीत ‘कीस काढणे’ हे नको इतक्या बारकाईला हिणवायला वापरतो, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘कीस काढल्याशिवाय काय काढता येतं, सार?’ तीन प्लेटांची गोष्ट मी उत्साहाने सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘फिरवून लावता ना?’

त्या प्रश्नाने माझ्या सिद्धान्तात एक मजला वाढला. तिन्ही प्लेटा नेहमी एकाच दिशेने ठेवून जुळवल्या तर तिघींत एक पीळ राहू शकतो. समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दुसरे दोन खाली. आणि तरीही तिघी आपसात चपखल. म्हणून प्लेट काटकोनात फिरवून पुन्हा घासावी लागते. पीळ असेल तर निळे दोनच कोपऱ्यांना लागते. म्हणजे तिसरा असणे पुरेसे नाही. तिसरा जर आपल्याच दिशेने उभा राहून पाहत असेल तर तो आपला पीळ ओळखणार नाही, उलट त्याला दुजोरा देईल. तिसऱ्याने दुसऱ्या अंगाने उभे राहायला हवे.

हे मला माझ्या मूळ धंद्यातून ओळखीचे होते, फक्त त्याला नाव नव्हते. कन्नडमधून मराठीत काही आणताना मूळ लेखक आणि भाषांतरकार यांचे पुष्कळदा छान जुळते. दोन्ही भाषा शेजारच्या, शतकानुशतके एकमेकींना घासलेल्या. जिथे एकीला फुगवटा तिथे दुसरीला खळगा. वाक्य अलगद बसते आणि दोघेही खूश होतात. तेच पान बंगालीत किंवा मल्याळममध्ये नेणारा कोणी विचारतो, ‘या शब्दाचा इथे नेमका अर्थ काय?’ आणि दोघांच्या लक्षात येते की अर्थ दोघांनीही गृहीत धरला होता. सांगितला कोणीच नव्हता. अनेक भाषांच्या देशात राहण्याचा हा फायदा आपण सहसा मोजत नाही. आपण बहुभाषिकतेला समृद्धी म्हणतो, वारसा म्हणतो. ती आपल्या अर्थांचा पोकळपणा तपासण्याची रीतही आहे, आणि त्यासाठी दोन भाषा अपुऱ्या पडतात.

भाषेबाहेरही हेच. आज माणसे एकमेकांशी फार चपखल जुळू लागली आहेत. ज्याच्या रागाचा फुगवटा जसा, तशाच खळग्याचा सोबती त्याला मिळतो, आणि दोघांना आपले बसणे हेच सत्याचे लक्षण वाटते. एकटा आडमुठा माणूस निदान ओबडधोबड असतो. त्याच्या चुका बोटाला लागतात. एकमेकांवर वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेल्या दोघांच्या चुका लागत नाहीत. घरातही असे होते, संस्थांत होते, चळवळींत होते. अशा वेळी आपण बहुधा लॉर्ड चॅन्सलर शोधतो : एखादा ग्रंथ, एखादा नेता, एखादे न्यायालय, जे अखेरचे सांगेल. कधी तो लागतोही. पण त्याच्या सरळपणाची खात्री कोणी दिली हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. तिसऱ्या प्लेटेला मात्र हाच प्रश्न विचारता येतो, आणि तीही आपल्याला विचारते. दोघींचे थोडे थोडे लोखंड जाते. कोणाचेच काही खरवडले गेले नाही अशी भेट झाली असेल तर ती मोजणीची भेट नव्हती.

राहिला थांबण्याचा प्रश्न. माझ्या मशीनचे टेबल आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण वीस मायक्रॉनच्या आत खरे आहे. मी तिथे थांबलो. कंटाळलो म्हणून नव्हे. बीड तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे दहा मायक्रॉन वाढते. सकाळ आणि दुपार यांत गॅरेजमध्ये पाचेक अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने हातभर टेबल वीसेक मायक्रॉन लांबते, आणि वरून ऊन पोहोचले नि खाली सावली राहिली तर किंचित वाकतेही. जगभर मापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानतात ते याचसाठी : कोणत्या उष्णतेत, हे सांगितल्याशिवाय लांबीला अर्थ नाही. या मर्यादेपलीकडे मी घासत राहिलो असतो तर मशीन सुधारले नसते. मी बंगळूरच्या दुपारीशी भांडत बसलो असतो. पुरेसे म्हणजे काय, याचे उत्तर आळसाने द्यायचे नसते आणि हट्टानेही नाही. ज्या कामासाठी वस्तू आहे ते काम आणि ज्या हवेत ती उभी आहे ती हवा, या दोघांना विचारून ते ठरते. ‘चालून जाईल’ हे वाक्य काही तपासण्याआधी म्हटले तर ती टाळाटाळ असते. सगळे तपासून झाल्यावर म्हटले तर तो निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर राहते.

त्या मशीनवर मी सध्या बिडाच्या तीन छोट्या चकत्या तयार करतो आहे, तळहाताएवढ्या. मशीनचा सरळपणा त्यांत जेवढा उतरायचा तेवढा उतरेल, पुढचे स्क्रेपरने. गल्लीतली दोन मुले शिकायला येतात. एकाचे घर तेलुगू, दुसऱ्याचे उर्दू. अण्णा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलतात आणि मी जमेल तसे. एकाने निळे लावायचे, दुसऱ्याने घासायचे, तिसऱ्याने डाग पाहून सांगायचे, आणि दर खेपेला जागा बदलायच्या, असा नियम अण्णांनी घातला आहे. परवा मुलांपैकी एकाने विचारले की तिन्ही जुळल्या की त्यांतली खरी सपाट कोणती म्हणायची. अण्णा म्हणाले, ‘एकटी ठेवली तर एकही नाही.’ मुलगा हसला आणि पुढची चकती उचलून त्याने फिरवून लावली.